हळदीकुंकू लागलेली कादंबरी

प्रयागबाईला वाचता येत नव्हतं, पण ऐकता येत होतं. आणि ऐकणं हे वाचण्यापेक्षा अवघड काम आहे हे आमच्या पणदऱ्यात सगळ्यांना मान्य होतं. वाचणाऱ्याला अक्षरं ओढून नेतात. ऐकणाऱ्याला आपल्या पायांनी चालावं लागतं. श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी लागली की बायकांच्या बाजूचा पहिला खांब प्रयागबाईचा. त्या खांबाला पाठ लावून ती बसायची आणि ओवी संपली की तिच्या घशातून एक "व्हय" निघायचा, भरल्या विहिरीत खडा पडावा तसा. तो निघाल्याशिवाय पोथीवाल्याची पुढची ओवी निघत नसे. एका वर्षी फलटणकडचा एक नवा पोथीवाला आला. त्याला ही रीत कुणी सांगितली नव्हती. तो आपला घाईघाईनं पुढं चालला. प्रयागबाई म्हणाली, "म्हाराज, सीतामाई अजून नदीतच हाय. तिला काठावर येऊ द्या की." त्या दिवसापासून तोही थांबायला लागला.

नीरेच्या कालव्याखाली त्यांची जमीन होती. वांगी, मिरची, गवार. नवरा रावजी बैलगाडी भरून बारामतीच्या बाजाराला जायचा आणि रिकामी गाडी घेऊन परत यायचा, आणि या जाण्यायेण्यात तो काय बोलला असेल तर बैलांशीच. त्या घरात बोलण्याचं सगळं पाणी प्रयागबाईच्या पाटाला सोडलेलं होतं. कुणाची म्हैस कशी, कुणाची सून कशी, कुणाच्या आमटीत काय कमी, याचा निवाडा तिच्या ओसरीवर व्हायचा. निवाडा बरोबर असायचा म्हणून लोकांना राग यायचा.

एकच निवाडा असा होता की तो तिनं केला होता आणि त्याबद्दल ती कधी बोलत नव्हती. तो तिच्या धाकट्या बहिणीचा, सारजाचा.

सारजा निमगाव केतकीला दिलेली, पानमळेवाल्यांच्या घरी. प्रयागबाईचा नारायण आणि सारजाचा सोनबा एकाच वर्षी जन्मले. दोघी बहिणींनी पाळण्यातच ठरवून टाकलं होतं की दोघांची लग्नं एकाच मांडवात करायची. पोरं लग्नाच्या वयाला आली, आणि एका आषाढात सोनबा तापानं गेला. प्रयागबाई तेराव्यापर्यंत बहिणीजवळ राहिली आणि घरी आली. इकडं नारायणाची सोयरीक बारामतीच्या एका कचेरीतल्या कारकुनाच्या मुलीशी, मंदाकिनीशी, जमलेली होती. सारजानं निरोप धाडला, "आक्का, येवढं वरीस जाऊ दे." प्रयागबाईनं निरोप्याच्या तोंडी उलट सांगितलं, "तुझी भावकी येगळी, माझी येगळी. आमाला सुतक न्हाय."

रीतीनं बघायचं तर यात काही चूक नव्हतं. सुतक भावकीला, बहिणीच्या सासरचं सुतक बहिणीच्या दारापर्यंत येत नाही. गावात ज्याला विचारलं त्यानं मान डोलावली. माघात लग्न लागलं. सारजा आली. हळदीला बसली. नारायणाच्या गालाला पहिली हळद लागली तशी ती उठली आणि भरल्या मांडवात म्हणाली, "लावा, लावा. एकाला हळद, एकाला माती." आणि तशीच एस.टी.च्या वाटेला लागली. वाजंत्र्यांनी सुद्धा सनई खाली ठेवली.

शुभकार्यात असलं बोलणं. प्रयागबाईनं त्या दिवशी बहिणीच्या नावावर पाणी सोडलं. दोन वर्षं झाली. बारामतीच्या बाजारात निमगावचं कुणी भेटलं तरी ती तोंड मिरच्यांकडं करायची.

आता पुस्तकाकडं येतो.

बांधावरच्या चिंचेला त्या चैत्रात आकडे एवढे लागले की फांद्या माणसाच्या डोक्याला लागत होत्या. चिंच झोडली, वाळवली, आणि ओसरीवर फोडायला घेतली. वरचं टरफल काढायचं, शिरा ओढायच्या, चिंचोका वेगळा करायचा. दुपारभर हे चालायचं. प्रयागबाई, शेजारची बनाबाई आणि सून मंदाकिनी. बनाबाई ही प्रयागबाईची लहानपणापासूनची मैत्रीण, म्हणजे तिला काहीही बोलायची सनद असलेली एकमेव बाई. मंदाकिनीची बोटं बारामतीची. चिंचेच्या आंबटानं ती उलली आणि रक्त आलं. प्रयागबाईनं सुनेचा हात उलटापालटा करून पाहिला.

"ह्या हातांना तुझ्या बापानं फकस्त पुस्तकंच धरायला शिकिवली वाटतं," ती म्हणाली. "जा, तूप लाव."

तूप लावून बोटांना बांधायला चिंधी हवी म्हणून मंदाकिनीनं आपली पत्र्याची पेटी उघडली. वर एक लाल कापडात बांधलेलं गाठोडं होतं. प्रयागबाईची नजर ओसरीवरून थेट त्याच्यावर गेली. लाल कापडात घट्ट गुंडाळलेलं, चौकोनी. आमच्याकडं अशा कापडात एकच वस्तू बांधतात.

"पोथी आणलीस व्हय माहेराहून? दोन वरसं झाली. बोलली न्हाईस कधी."

मंदाकिनी गडबडली. तिचा भाऊ राम पुण्याला कॉलेजात शिकत होता. त्यानं लग्नात बहिणीला ही कादंबरी दिली होती, आणि सासरी सून कादंबऱ्या वाचते असं कुणी म्हणू नये म्हणून तिच्या आईनं ती लाल कापडात बांधून पेटीत घातली होती. युक्ती आईची, आणि फसली लेक.

"आत्याबाई, ती पोथी नाही, ते आपलं…"

पण तोवर प्रयागबाई हात धुऊन आली होती. देवघरातला हळदीकुंकवाचा करंडा तिच्या हातात होता. तिनं कापड सोडलं, पुस्तकाला नमस्कार केला आणि पहिल्या पानावर हळद आणि कुंकू अशी दोन बोटं ओढली. वर कण्हेरीचं फूल ठेवलं.

"हात दुखतोया तर बस आन् वाच," ती म्हणाली. "आमी चिंच फोडत ऐकतो. तेवढंच पुण्य."

मंदाकिनीनं वाचायला सुरुवात केली.

कादंबरी सुलोचना आणि दिगंबर या नवराबायकोची होती. शहरात माडीवर बिऱ्हाड, खाली नदी. त्यांचा चार वर्षांचा मुलगा गेलेला. गेलेला म्हणजे पहिल्याच पानावर गेलेला. प्रयागबाईचा हात थांबला.

"पयल्याच पानावर? आन् गणपतीचं स्तवन कुठं गेलं?"

"ह्यात स्तवन नसतं, आत्याबाई."

"म्हनूनच मग."

पोथीची एक रीत आहे. मरणावर पोथी मिटायची नाही. कुणी मेलं तर कुणी जन्मेपर्यंत, नाही तर कुणाचं लग्न लागेपर्यंत पुढं वाचत जायचं आणि मग दोरा बांधायचा. त्या दुपारी मंदाकिनी वाचत राहिली आणि प्रयागबाई मिटायची जागा शोधत राहिली. जागा येईना. पोथीत मरण येतं आणि जातं. या पुस्तकात ते पाहुण्यासारखं आलं आणि मुक्कामाला राहिलं. ऊन ओसरीवरून अंगणात उतरलं, गोठ्यात गाय हंबरायला लागली, तरी सुलोचना आपली खिडकीत उभी. शेवटी एका ठिकाणी तिनं चुलीवर दूध ठेवलं आणि ते उतू गेलं.

"थांब," प्रयागबाई म्हणाली. "दूध उतू गेलं. शुभ झालं. मीट आता."

"आगं, ध्यान नव्हतं म्हनून उतू गेलं ते," बनाबाई म्हणाली.

"गेलं न्हवं? मग झालं."

दुसऱ्या दिवसापासून निवाडे सुरू झाले. सुलोचनाची "सुलोची" झाली. ही सुलोची रांधत नाही. नवरा भुकेला येतो तर त्याच्या ताटात सकाळची भाकरी टाकते. शेजारीण विचारपूस करायला आली तर म्हणते, बघून झालं असलं तर जा. कुणाच्या घरी पाळणा हलला तर ही दार लावून घेते.

"दुख सगळ्यांनाच आसतंय," प्रयागबाई चिंचोका टोपलीत फेकत म्हणायची. "म्हनून दुसऱ्याच्या शुभकार्याला तोंड वाकडं करायचं? चार मान्सांत कायबी बोलायचं?"

"चार मान्सांत कुठं बोलली ती?" बनाबाईनं विचारलं. "माडीवर तर येकलीच हाय."

"बोलंल की. पुढं बोलंल."

बनाबाईनं एक चिंच दातानंच फोडली. "पयागे, ह्या बाईचं माहेर निमगावचं हाय का गं?"

प्रयागबाईच्या हातातली चिंच त्या दिवशी फार बारीक झाली.

दिगंबर बनाबाईला आवडायचा. तो कचेरी सुटली की घरी न येता नदीच्या घाटावर जाऊन बसायचा आणि घरी सांगायचा की साहेबानं काम लावलं. बनाबाई म्हणायची, खोटं बोलतो पण कुणाचं वाईट करत नाही. प्रयागबाई म्हणायची, बाईपेक्षा बरा, पण बुळा. गोठ्याच्या दारात दावं वळत बसलेला रावजी कधीच मध्ये पडत नसे. एके दिवशी तो म्हणाला, "त्यो घरी बोलाया लागला तर कुनी ऐकल का पर?" आणि पुन्हा दाव्याला लागला. मंदाकिनीनं पान उलटताना पदर तोंडाशी धरला होता. हसू होतं की काय ते दिसलं नाही.

मग ते सदऱ्याचं आलं. दिगंबरनं मुलाचे कपडे कुणा गरिबाला देऊन टाकलेले असतात. सुलोचना एकदा भाजीला जाते तर मंडईच्या तोंडाशी एक पोर तिच्या मुलाचा निळा सदरा घालून खेळत असतं. ती काही बोलत नाही. त्याच्याजवळ जाते, बसते, गुंड्या सोडते, सदरा काढून घेते आणि घरी येते. पोर उघडं रडत राहतं.

मंदाकिनी पान उलटायला लागली.

"मीट ते पुस्तक," प्रयागबाई म्हणाली. "आसली बाई माझ्या दारात नको."

"मिटशील कशी?" बनाबाई म्हणाली. "हळदकुकू तूच लावलंस. उचललेली पोथी आर्ध्यात ठेवलीस तर घराला बरं न्हाय. तूच सांगतीस गावाला."

हे खरं होतं. गावाला तीच सांगत होती. प्रयागबाई आपल्याच रीतीच्या दाव्यानं आपल्याच ओसरीला बांधली गेली. पुढची दुपार आली तेव्हा तिनं पुस्तकाला शिव्या दिल्या, पण भांडी घासायच्या आधी पोतं अंथरून ठेवलं. आणि सकाळी चुलीपुढं बसलेल्या सुनेला तिनं सहज, म्हणजे भाकरी तव्यावर करपेपर्यंत थांबून, विचारलं होतं, "त्यो सदरा तिनं कुठं ठिवला आसंल गं? पेटीत का उशाला?"

"माहीत नाही, आत्याबाई. लिहिलेलं नाही."

"सगळं लिवत्यात आन् हेच न्हाय लिवलं." करपलेली भाकरी तिनं आपल्याच ताटात घेतली.

त्या दुपारी कादंबरीत दिगंबरची बहीण आली. आणि प्रयागबाईला पहिल्यांदा कुणीतरी आपल्या माणसासारखं भेटलं. ही नणंद नीटनेटकी होती. आल्या आल्या तिनं माडी झाडली, भांडी चकचकीत केली, भावाला गरम जेवायला घातलं. प्रयागबाईचे "व्हय" भराभर पडायला लागले. चिंचेचा ढीगही त्या दिवशी चांगला उतरला.

"हिच्यात अक्कल हाय," ती म्हणाली. "आशी एक बाई घरात आसली म्हंजी घर उभं ऱ्हातं."

मंदाकिनी वाचत होती. नणंदेच्या घरी बारसं होतं. ती हातातली बुंदीची पुडी सोडून सुलोचनापुढं ठेवते आणि म्हणते, "तेरावा केव्हाच झाला, वहिनी. सुतक फिटलं. आता तोंड गोड करा आणि बारशाला या."

"व्हय," प्रयागबाई म्हणाली, मोठ्यानं.

पुढं लिहिलं होतं की सुलोचना काही बोलली नाही. ती मुलाच्या दुपट्याची घडी घालत होती. घडी झाली. तिनं ती मोडली आणि पुन्हा घालायला घेतली.

"रीतीनंच बोलली की नणंद," बनाबाई चिंचेकडं बघत म्हणाली. "सुतक न्हाय तर न्हाय."

यात काटा होता की नव्हता ते बनाबाईलाच ठाऊक. मंदाकिनी "व्हय"साठी थांबली. तो आला नाही. तिनं पुस्तकावरून मान वर केली. प्रयागबाई हातातल्या चिंचेच्या शिरा ओढत होती. त्या केव्हाच निघून गेल्या होत्या आणि ती नुसताच गर ओढत होती.

"वाचू का, आत्याबाई?"

"वाच. मी का धरलंय तुला?"

त्यानंतर निवाडे कमी झाले. बनाबाईनं दोनतीनदा सुलोचीचं नाव काढून पाहिलं, पण प्रयागबाई पेटली नाही. ती फक्त मध्ये मध्ये विचारायची, "आली का गं ती नणंद?" मंदाकिनी पुढची पानं चाळून म्हणायची, अजून नाही. "येईल," प्रयागबाई म्हणायची. "बारशाच्या गडबडीत आसंल."

चिंच संपायच्या आधी पुस्तक संपलं. शेवटच्या पानावर असं होतं: दिगंबर जिना चढून वर येत असतो आणि सुलोचना खाली उतरत असते. मधल्या पायरीवर दोघं समोरासमोर येतात. जिना अरुंद. तो भिंतीला टेकून बाजूला सरतो. तिला वाट होते.

मंदाकिनीनं पुस्तक मांडीवर ठेवलं.

"मग?" प्रयागबाई म्हणाली. "उतरली का थांबली?"

"संपलं."

"संपलं कसं? पान गळालंय तुझं. पेटीत बघ."

मंदाकिनीनं पेटी आणली. खरोखर आणावी लागली. प्रयागबाईनं त्यातलं एक एक लुगडं झटकून पाहिलं. मग सुनेनं पुस्तकाच्या शेवटच्या ओळीखाली बोट ठेवलं. "इथं 'समाप्त' छापलंय, आत्याबाई."

प्रयागबाईनं त्या अक्षरांकडं पाहिलं. आयुष्यात तिनं पहिल्यांदाच एखाद्या अक्षराकडं इतका वेळ पाहिलं असेल.

"आन् नणंद?"

"ती परत येतच नाही पुस्तकात."

"येकदा बी न्हाय?"

"नाही."

"काय आजारी बिजारी…"

"तसं काही लिहिलेलं नाही. नुसती येत नाही."

बनाबाईनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि, आमच्या गावानं नोंद घ्यावी अशी गोष्ट, मिटलं.

"मग ही कसली समाप्ती," प्रयागबाई म्हणाली. पदर झटकून ती उठली आणि आत गेली.

संध्याकाळी नवा वाद निघाला. पोथी संपली की समाप्तीचा नैवेद्य लागतो. पुरणाचा. तो देवाला दाखवायचा आणि कुणाला तरी पोटभर जेवू घालायचं. पण या पोथीचा देव कोण? बनाबाई म्हणाली, विठ्ठलाला दाखव, तो सगळ्यांचंच घेतो. नारायण शेतातून आला होता. तो म्हणाला, आई, ते साधं पुस्तक आहे, नैवेद्य कसला? त्याला आईनं एका नजरेत गोठ्यात धाडलं.

"देव नसंल तर नसंल," रावजी म्हणाला. "जेवाया मानूस तर लागंलच की."

ज्या घरात माणूस महिन्यातून दोनदा बोलतो त्या घरात त्याचं बोलणं वाया जात नाही. सकाळी उठल्या उठल्या प्रयागबाईनं हरभऱ्याची डाळ शिजत टाकली. पुरण वाटलं. पोळ्या लाटल्या, तव्यावर फुगवल्या, तुपात भिजवल्या. बनाबाईनं आपल्या घरी चूल पेटवलीच नाही आणि धुतलेलं लुगडं नेसून ती ओसरीवर येऊन बसली. प्रयागबाईनं तिच्या हातात दोन पोळ्या ठेवल्या आणि बाकीच्या फडक्यात बांधल्या.

"येवढ्याच?" बनाबाई म्हणाली.

"तू रोज जेवतीस माझ्याकडं."

"आन् त्या कुनाला?"

प्रयागबाईनं पायात वहाणा सरकवल्या. "मी निमगावला जाऊन येते."

रावजी आधीच गाडीला बैल जुंपत होता. कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं विचारलं, "वांगी घ्यायची का थोडी?"

"नगं. तिच्या अंगाला खाज सुटती वांग्यानं."

दोन वर्षांत त्या घरात सारजाबद्दल निघालेलं हे पहिलं वाक्य.

रावजीनं तिला थांब्यावर सोडलं. एस.टी.त बसल्यावर प्रयागबाईनं एक बोलणं तयार केलं. "पोथीची समाप्ती झाली. रीत म्हनून नैवेद्य आणला." एवढंच. यात नमतं काही नव्हतं. बारामतीला गाडी बदलली आणि इंदापूरची धरली तेव्हा ते बोलणं तिनं आणखी घोटलं. निमगावच्या थांब्यावर उतरली तेव्हा ते गुळगुळीत झालं होतं, गोट्यासारखं.

सारजा मळ्यात होती. पानमळ्यात वहाणा घालून जात नाहीत. प्रयागबाईनं बांधावर वहाणा काढल्या आणि ती आत शिरली. बाहेर चैत्राचं ऊन ठणाणा करत होतं आणि आत हिरवा काळोख. शेवरीच्या उंच झाडांवर पानवेली चढलेल्या, पाटाचं पाणी पायाला गार लागत होतं. एका वेलाला शेवरीशी बांधत सारजा पाठमोरी उभी होती. अंगानं निम्मी झाली होती.

"कोन हाय?" तिनं वळून न बघता विचारलं.

"मी."

"मी म्हंजी कोन? समदेच मी आसत्यात." पण आवाज तिनं ओळखला होता. हातातली गाठ सुटली, ती तिनं पुन्हा मारली.

"पोथीची समाप्ती झाली. रीत म्हनून नैवेद्य आणला."

"चैतात कसली पोथी?"

"हाय येक. मंदाकिनीनं आणलेली."

"कुठल्या देवाची?"

घोटलेल्या बोलण्यात याचं उत्तर नव्हतं. प्रयागबाई पाण्यात उभी राहिली. "देव न्हाय तिच्यात," ती म्हणाली. "येक बाई हाय. तिचं पोर गेलंया."

सारजा वळली नाही. "मग?"

"मग काय? तोंडाळ हाय. रांधत न्हाय. येकाच्या पोराच्या अंगातनं सदरा काढून आणला तिनं. तिच्या लेकाचा हुता म्हनं."

"बरं केलं."

"बरं कसं? उघडं रडत ऱ्हायलं ते पोर."

"त्याच्या आईनं दुसरा घातला आसंल. हिनं कुठनं आणायचं?"

जिच्या निवाड्यावर गाव चालायचं ती प्रयागबाई फडक्याची गाठ चाचपत राहिली.

"दाल्ला कसा हाय तिचा?"

"नदीवर जाऊन बसतो. घरी सांगतो कचेरीत हुतो."

"बसू दे. आमचं हिरीवर बसत्यात." सारजानं दुसरी वेल हातात घेतली. "आन् कोन हाय आजून?"

इथं प्रयागबाई म्हणू शकली असती, कुणी नाही. शेजारीण आहे म्हणाली असती. पुस्तक सारजानं थोडंच वाचलं होतं.

"नणंद हाय," ती म्हणाली.

"ती काय म्हनती?"

"ती म्हनली, सुतक न्हाय. तोंड गोड कर आन् कार्याला ये."

पाटाचं पाणी कुठंतरी फुटून दुसऱ्या सरीत वाहायला लागलं होतं. एरवी कुणीही मळेकरीण फावडं घेऊन धावली असती. दोघीही हलल्या नाहीत.

"मग फुडं?"

"फुडं काय न्हाय. परत आलीच न्हाय ती. शेवटपतोर. मी रोज इचारत हुते."

सारजा आता वळली. तिनं बहिणीला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, हातातल्या फडक्याला पाहिलं. "तू सगळं तुझ्या बाजूनं सांगत आसशील," ती म्हणाली. "ल्हानपनापासनं तशीच हाईस. त्या पोरीला घिऊन ये येकदा. मला ती बाई नीट ऐकायची हाय."

"आणते."

"सुनंचं तोंड बी म्या नीट बघितल्यालं न्हाय."

"आणते म्हनलं न्हवं."

फुटलेलं पाणी बांधून दोघी बांधावर येऊन बसल्या. प्रयागबाईनं फडकं सोडलं. सारजानं पोळीचा तुकडा मोडला, तोंडात घातला, थोडा वेळ घोळवला.

"जायफळ इसरलीस."

"इसरले न्हाय. तू खात न्हाईस म्हनून घातलं न्हाय."

"आता खाते." सारजानं दुसरा तुकडा मोडला. "सोनबाला आवडायचं. त्यो गेल्यापासनं मी घालती."

सोनबाचं नाव प्रयागबाईनं तेराव्यापासून घेतलं नव्हतं. अशुभ नको म्हणून आधी, आणि रागानं नंतर. तिनं हातातलं फडकं गुडघ्यावर पसरलं. "त्यो पोळी कशी खायचा?" तिनं विचारलं.

सारजा सांगायला लागली. आधी कड कुरतडायचा, गोल गोल फिरवून, आणि मधलं पुरण शेवटाला ठेवायचा. कुणी मागितलं तर तोंडात कोंबायचा. सांगता सांगता तिनं पोळी हातात घेऊन तशी फिरवून दाखवली. तिच्या हनुवटीला तूप लागलं.

"आमचा नारायण पन," प्रयागबाईच्या तोंडून निघालं, आणि तिनं जीभ चावली. हळदीचा मांडव मध्ये येऊन उभा राहिला.

सारजानं पोळी खाली ठेवली नाही. ती मळ्याकडं बघत होती.

"सांग की," ती म्हणाली. "त्येचं बी सांग."

आणि प्रयागबाईनं सांगितलं.